मनोविकल आरोपी आणि त्याचा बचाव

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ या म्हणीचा वाक्यात उपयोग आपण सर्वांनीच शाळेत केलेला आहे. पेडगाव हे श्रीगोंदे तालुक्यातले भीमाकाठचे गाव. तिकडे जायला वेड कशाला पांघरावे लागते हे मला कधी कोणी नीट सांगितले नाही, पण म्हणीचा रोख स्पष्ट आहे : वेड्यावर विश्वास ठेवू नका, तो बहुधा सोंग करीत असतो. फौजदारी न्यायालयात मनोविकल आरोपीच्या बचावाचा प्रश्न निघतो तेव्हा हीच शंका प्रथम पुढे येते. कायदा करणाऱ्यांनाही तिचीच भीती होती. मला मात्र या लेखात तिच्या उलट बाजूविषयी लिहावयाचे आहे. आमच्या कवठे महांकाळ तालुक्यात वेड पांघरणारे मी पाहिलेले नाहीत. शहाणपण पांघरणारी घरे मात्र पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांपैकी एक आमचे आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८४ होते. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि त्या कलमाचा क्रमांक २२ झाला. मजकूर मात्र जवळजवळ तोच राहिला. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे जी व्यक्ती आपल्या कृत्याचे स्वरूप जाणण्यास असमर्थ होती, किंवा आपण करतो ते गैर आहे अथवा कायद्याविरुद्ध आहे हे जाणण्यास असमर्थ होती, तिचे कृत्य हा गुन्हा नव्हे, असा त्याचा आशय. नवीन संहितेच्या पहिल्या मसुद्यात ‘मनोविकलता’ या शब्दाच्या जागी ‘मानसिक आजार’ हा शब्द घातला होता. संसदीय समितीने हरकत घेतल्यावर जुना शब्द परत आला. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. मानसिक आजार पुष्कळांना असतो. चिंतेचा असतो, नैराश्याचा असतो, दारूच्या व्यसनातून आलेला असतो. म्हणून काही प्रत्येकाला खून माफ होत नाही. उलट बाजूने पाहिले तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमात असे स्पष्ट म्हटले आहे की, एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो कायद्याच्या अर्थाने मनोविकल ठरत नाही. ते न्यायालयाने ठरवावयाचे. डॉक्टरांचे वेड आणि कायद्याचे वेड अशी ही दोन वेडे आहेत. वकिलाचे काम या दोहोंच्या मधल्या जागेत चालते.

ही कसोटी आली कोठून? १८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या इसमाने पंतप्रधान रॉबर्ट पील समजून त्यांचा खाजगी चिटणीस एडवर्ड ड्रमंड याला गोळी घातली. राज्यकर्ता पक्ष आपला पाठलाग करीत आहे या भ्रमाने त्याला पछाडले होते. ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले, आणि त्यावर एवढा गदारोळ झाला की उमरावांच्या सभागृहाने न्यायाधीशांना बोलावून प्रश्न विचारले. त्यांच्या उत्तरांतून जे नियम निघाले त्यांचीच छाया आपल्या कलमावर आहे. म्हणजे हा नियम जन्मला तोच लोकांच्या रागातून. त्यात मनोविकल माणसाविषयी दया आहे, पण तीही हातात काठी धरून.

या कलमातले ‘कृत्य करतेवेळी’ हे शब्द अधोरेखित करून ठेवण्यासारखे आहेत. आरोपी दहा वर्षांपूर्वी आजारी होता याने भागत नाही. आज न्यायालयात तो वेड्यासारखा वागतो यानेही भागत नाही. त्या घटकेला, त्या पाच-दहा मिनिटांत, त्याच्या मनात काय चालले होते ते दाखवावे लागते. आणि दाखविण्याचा भार आरोपीवर असतो. जुन्या पुराव्याच्या कायद्याचे कलम १०५ तसे म्हणत होते, २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १०८ तसेच म्हणते. ज्याला स्वतःच्याच मनाचा ठाव लागत नव्हता त्याने आपल्या मनाची स्थिती शाबीत करावी, असा हा प्रकार आहे! सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये गुजरातमधील दह्याभाई ठक्कर खटल्यात ही अट थोडी सैल केली. सरकार पक्षाला गुन्हा जसा निःसंशय शाबीत करावा लागतो, तसे आरोपीला करावे लागत नाही. दिवाणी दाव्यात जितपत संभव दाखवावा लागतो तितपत पुरे. आणि तितकेही जमले नाही, परंतु आरोपीचा हेतू खरोखर होता काय याविषयी न्यायालयाच्या मनात रास्त शंका उभी राहिली, तरी त्याचा फायदा त्याला मिळतो. त्या क्षणाची स्थिती कशी ओळखावयाची, तर कृत्याच्या आधीची, त्या वेळची आणि नंतरची वागणूक पाहून, असेही तेथे सांगितले आहे. गंमत अशी की खुद्द त्या खटल्यातील आरोपीला याचा काही उपयोग झाला नाही. त्याची शिक्षा कायम राहिली. नियम मात्र पुढच्यांच्या उपयोगी पडला.

महाराष्ट्रात या विषयावर बोलू लागले की वडीलधारी माणसे रामन राघवचे नाव घेतात. १९६८ साली मुंबईच्या उपनगरांत रस्त्याकडेला आणि झोपड्यांत झोपलेल्या गोरगरिबांचे खून पडू लागले, लोक रात्र-रात्र जागू लागले, आणि ऑगस्टमध्ये तो पकडला गेला. तपासाची सूत्रे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. हे सर्व पुष्कळांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते खटल्यात काय झाले ते. १९६९ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा बचावाच्या वकिलांनी सांगितले की आरोपी मनोविकल आहे. मुंबईच्या पोलीस सर्जननी त्याला जवळजवळ महिनाभर निरीक्षणाखाली ठेवले आणि अभिप्राय दिला की स्मरणशक्ती चांगली आहे, बुद्धी सर्वसाधारण आहे, मनोविकृती नाही. बचावातर्फे साक्षीला आलेल्या मनोविकारतज्ज्ञांचे मत उलट पडले. हा जुनाट संशयी स्वरूपाच्या स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे; आपण मारतो आहोत हे त्याला कळत होते, पण ते गैर किंवा बेकायदा आहे हे कळत नव्हते, असे ते म्हणाले. म्हणजे कलमाचा पूर्वार्ध त्याला लागू नव्हता, उत्तरार्ध लागू होता. सत्र न्यायालयाला ते पटले नाही. फाशी झाली. पुढे उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमावयास लावले. त्या मंडळाला आढळले की या माणसाच्या लेखी दोन जगे आहेत, एक ‘कानून’चे आणि दुसरे आपण राहतो ते. शेवटच्या भेटीत त्याने डॉक्टरांशी हस्तांदोलन करण्याचे नाकारले, कारण आपण कानूनचे प्रतिनिधी असून या दुष्ट जगातल्या माणसांना शिवणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. येरवड्याच्या तुरुंगात राहून तो १९९५ साली ससून रुग्णालयात मरण पावला.

एकच माणूस, दोन वैद्यकीय मते, आणि दोन्ही मते त्याला समोर बसवून तपासल्यावरची. मग फरक कशाने पडला? मला वाटते, प्रश्न कोणता विचारला याने. स्मरणशक्ती कशी आहे असे विचारले तर उत्तर ‘चांगली’ असे येणारच. भ्रम झालेल्या माणसाची स्मरणशक्ती बहुधा शाबूत असते. त्याला वार, तारीख, रस्ता सर्व ठाऊक असते. ठाऊक नसते ते एवढेच, की आपण ऐकतो तो आवाज दुसऱ्या कोणाला ऐकू येत नाही.

रामन राघवला ना घर होते, ना त्याची पूर्वीची वागणूक सांगणारे कोणी माणूस. याच्याशी ताडून पाहावा असा दुसरा खटला आपल्याच राज्यातला आहे. एका पोलीस शिपायाने एप्रिल १९९४ मध्ये राहत्या क्वार्टरमध्ये दिवसाउजेडी पत्नीच्या डोक्यात दगडी वरवंटा घालून तिला ठार केले. ती त्या वेळी धुणे धूत होती. तो पळाला नाही, काही लपविलेही नाही. नोकरीचा राजीनामा देण्याला पत्नीचा विरोध होता म्हणून मारले, असा हेतू सरकार पक्षाने मांडला. सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. सप्टेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सभरवाल यांनी लिहिलेल्या निकालाने तो सुटला. निकालातील कारणे वाचण्यासारखी आहेत. वडिलांना मानसिक आजार होता. आरोपीवर १९९२ पासून स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते. घटनेनंतर २७ जून ते ५ डिसेंबर १९९४ या काळात त्याला २५ वेळा रुग्णालयात न्यावे लागले. हेतू क्षुल्लक होता, आणि लपण्याचा किंवा पळण्याचा प्रयत्न नव्हता. यातले प्रत्येक कारण कोणत्या ना कोणत्या कागदावर होते. तो सरकारी नोकर होता, नंतर सरकारच्याच ताब्यात होता, आणि सरकारी दप्तरात कागद टिकतो. शेतकऱ्याच्या घरात तो टिकतोच असे नाही.

(कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आरोपीच्या नावाने ओळखला जातो. मी ते नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील फाशीच्या एका कैद्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने मरेपर्यंतच्या जन्मठेपेत बदलली, कारण शिक्षेनंतर त्याला गंभीर मानसिक आजाराने ग्रासले होते. त्या निकालात न्यायालयाने त्याचा उल्लेख ‘आरोपी एक्स’ असा केला. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा जो हक्क कायद्याने दिला आहे तो खुनी माणसालाही आहे, असा त्याचा अर्थ. मला ही गोष्ट फार आवडली.)

आता आमच्या घराची हकीकत सांगते. ती सांगावी की नाही यावर घरात चार दिवस चर्चा झाली, आणि काकी म्हणाल्या, “लिही. लपवून काय झालं ते बघितलंय की आपण.”

माझे काका द्राक्षबागेत छाटणीची कामे करीत. साधारण २०१२ पासून त्यांना विहिरीवरच्या मोटारीतून कोणीतरी शिव्या देतो असे वाटू लागले. प्रथम देवरुषी झाला, उतारे झाले, एका अमावस्येला नारळ-लिंबूही झाले. मग कोणीतरी मिरजेला न्यावयास सांगितले. तेथे एका दवाखान्यात औषध सुरू झाले, गोळ्या आणि महिन्याला एक इंजेक्शन. काका सुधारले. पूर्ववत नव्हे, पण कामावर जाऊ लागले, जेवताना बोलू लागले. मिरजेच्या सर्व केसपेपरांची एक निळी फाईल झाली होती.

२०१८ च्या दिवाळीनंतर ताईला, म्हणजे काकांच्या मुलीला, बघायला पाहुणे यावयाचे ठरले. घर आवरणे चालू होते. आज्जीने ती फाईल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “ही पीडा आधी बंबात घाल. कुणाच्या नजरेला पडली तर पोरीचं वाटोळं व्हईल.” मी तेव्हा नववीत होते. मी फाईल बंबात घातली. आतली एक्स-रेसारखी काळी फिल्म लवकर पेटेना म्हणून वरून रॉकेलही टाकले. पाहुणे आले, पसंती झाली, डिसेंबरमध्ये लग्न झाले. त्या दोन महिन्यांत नव्या पाहुण्यांची ये-जा होती, त्यामुळे मिरजेची वारी कोणाला दिसू नये म्हणून इंजेक्शनही राहिले. मग ते राहिलेच.

२०१९ चा उन्हाळा या तालुक्यातल्या कोणालाही सांगावयास नको. वैरण सोन्याच्या भावाची झाली होती. अशा एप्रिल महिन्यात काकांनी शेजारच्या रानातली कडब्याची गंजी पेटवून दिली. ज्यांची गंजी ते आमच्या भावकीतलेच. त्यांची चार जनावरे त्या गंजीवर अवलंबून होती. त्यांनी फिर्याद दिली यात मला आजही काही गैर वाटत नाही. कलम ४३५, आग लावून शेतमालाचे नुकसान करणे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. गुन्हा जामीनपात्र असल्याने काका दुसऱ्या दिवशी घरी आले. मधली रात्र कोठडीत कशी गेली ते त्यांनी कधी सांगितले नाही.

तालुका विधी सेवा समितीकडून वकील मिळाले. येथे एक माहिती देऊन ठेवते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल : १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे अपंग व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार, बौद्धिक दिव्यांगता व स्वमग्नता ही सर्व अपंगत्वे धरली आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २७ व्या कलमाने तर असा हक्क असल्याचे रुग्णाला सांगण्याचे कर्तव्य पोलीस अधिकाऱ्यावर आणि न्यायदंडाधिकाऱ्यावर टाकले आहे.

वकीलसाहेबांनी पहिल्याच भेटीत विचारले, “कागद कुठं आहेत?” घरातले सगळे जमिनीकडे पाहू लागले. मी सांगितले. ते मला रागावले नाहीत. आज्जीलाही काही बोलले नाहीत. एवढेच म्हणाले की, सरकारी वकील आता असे म्हणणार की, आजार गंजी जळल्यानंतर सुचला. पेडगावची म्हण मला तेव्हा प्रथम कळली.

दुसरी अडचण अधिक चमत्कारिक होती. जामिनानंतर वडिलांनी काकांना पुन्हा मिरजेला नेले, औषध सुरू केले. त्यामुळे खटला उभा राहीपर्यंत काका बरे होत आले. आरोपीला खटला समजत नसेल, वकिलाला काही सांगता येत नसेल, तर तो बरा होईपर्यंत खटला थांबविण्याची वेगळी तरतूद आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत ती ३२८ व्या कलमापासून होती, आता नागरिक सुरक्षा संहितेत ३६७ पासून आहे. तिचा संबंध आजच्या मनःस्थितीशी, आणि ८४ चा संबंध घटनेच्या वेळच्या मनःस्थितीशी. विद्यार्थी परीक्षेत या दोहोंची गल्लत करतात, आणि घरातली माणसेही करतात. आमची आज्जी तारखेला जाताना काकांना सांगे, “जरा येड्यागत बस.” वकीलसाहेबांनी ते ऐकले आणि कपाळावर हात मारला. काका स्वच्छ सदरा घालून बाकावर शांत बसत, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत, आणि सरकारी वकील त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणत की या इसमाला सर्व काही कळते. औषध घेणारा रुग्ण हा असा कात्रीत सापडतो. बरा दिसला तर सोंग, आणि बरा नाही दिसला तर तेही सोंग.

मग पुरावा आला कोठून? काकींच्या कॅलेंडरांतून. आमच्याकडे दुधाचा हिशोब भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिण्याची पद्धत आहे. लिटर, खाडे, पेंडेचे पैसे, सर्व त्या चौकोनांत. काकी चौथी शिकलेल्या आहेत. महिन्याच्या एका तारखेला त्यांनी ‘इं’ असे एकच अक्षर लिहिलेले असे. वर्ष संपले की कॅलेंडर फेकण्याऐवजी पिठाच्या डब्याखाली घालण्याची त्यांची सवय. सहा वर्षांची कॅलेंडरे निघाली, काहींना उंदीर लागलेले. वकीलसाहेब ती पाहून खुर्चीतून उठलेच. गुन्ह्यानंतर तयार केलेला कागद न्यायालय संशयाने पाहते. पण २०१४ साली दुधाच्या हिशोबात लिहिलेले ‘इं’ २०१९ च्या आगीसाठी लिहिले असे कोण म्हणेल? आणि त्या कॅलेंडरांनी आणखीही एक गोष्ट सांगितली. शेवटचे ‘इं’ ऑक्टोबर २०१८ चे होते. त्यापुढचे महिने नुसते दूध.

त्या तारखा हाताशी आल्यावर दवाखान्याकडे अर्ज करता आला. आपल्या उपचाराच्या मूळ नोंदी मिळण्याचा हक्क रुग्णाला २०१७ च्या कायद्याच्या २५ व्या कलमाने आहे. तारीख ठाऊक असली की नोंदवही शोधणे सोपे जाते. नोंदी सापडल्या. डॉक्टरांची साक्ष झाली. औषध सुटल्यावर आजार किती दिवसांत उलटतो हे त्यांनी सांगितले. परंतु त्या घटकेचे काय? त्याचा साक्षीदार शेवटी फिर्यादीच निघाले. आगीच्या ठिकाणी प्रथम पोहोचलेले तेच होते. आमच्या वकिलांनी उलटतपासात त्यांना विचारले की, तुम्हांला पाहून आरोपी पळाला का? नाही. मग काय करीत होता? ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि म्हणाले की जाळापासून पाच हातांवर बसला होता. मला म्हणाला, ये, शेकत बस, लई गारठा हाय. एप्रिल महिना, दुपारचे दोन वाजलेले. ज्याचे नुकसान झाले त्या माणसाने खरे सांगितले म्हणून आमचा बचाव उभा राहिला. त्यांना खोटे बोलावयास काहीच अडचण नव्हती.

मध्य प्रदेशातील असाच एक खटला आमच्या वकिलांनी दाखविला. तेथेही एकाने खळ्यातले गवत पेटविले होते, आणि विचारल्यावर मीच जाळले, काय करायचे ते करा, अशा अर्थाचे उत्तर देऊन तेथेच उभा राहिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये त्याला ८४ व्या कलमाखाली सोडले. न पळण्याला इतके महत्त्व का, असे मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही. ज्याला आपण गैर केले हे कळले तो निदान विडी विझवून उठतो तरी.

आमचा खटला करोनाच्या दोन वर्षांत लांबला आणि २०२३ मध्ये निकाल लागला. अशा निकालात न्यायालयाला दोन गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवाव्या लागतात : कृत्य आरोपीने केले की नाही, आणि केले असल्यास तो मनोविकलतेमुळे निर्दोष आहे काय. आग काकांनीच लावली असे निकालात लिहिले आहे. आणि ते निर्दोष आहेत असेही लिहिले आहे. एका कागदावर ही दोन वाक्ये वाचताना वडिलांना फार वेळ लागला.

निर्दोष म्हणजे मोकळा, असेही येथे नसते. अशा व्यक्तीला सुरक्षित ताब्यात ठेवावे, किंवा नातेवाइकाने अर्ज करून तारण दिल्यास त्याच्या हवाली करावे, असा कायदा आहे. काळजी घेईन, स्वतःला व इतरांना इजा करू देणार नाही, सांगाल तेव्हा हजर करीन, असे वडिलांनी लिहून दिले. घेणारा भाऊ होता म्हणून काका घरी आले. ज्यांना घेणारे कोणी नाही त्यांचे काय होते? आसाममध्ये मचांग लालुंग नावाच्या माणसाला १९५१ मध्ये अटक झाली, मनोरुग्णालयात ठेवले गेले, १९६७ मध्ये डॉक्टरांनी बरा असल्याचा दाखला दिला, आणि त्यानंतरही तो तुरुंगातच राहून २००५ साली बाहेर आला. चोपन्न वर्षे, खटला न चालता. त्याने काय केले असल्याचा आरोप होता हे तोवर महत्त्वाचे राहिले नव्हते.

स्वमग्न किंवा बौद्धिक दिव्यांग आरोपींविषयी येथे थोडे लिहिले पाहिजे, कारण त्यांची अडचण निराळी असते. त्यांना आजार नसतो, म्हणून औषध नसते, केसपेपर नसतात. असतो तो शाळेचा दाखला, तोही असलाच तर. स्वमग्न मुलगा फौजदाराच्या डोळ्याला डोळा देत नाही, हे अपराधी मनाचे लक्षण धरले जाते. एकच प्रश्न तीनदा विचारला की कित्येकजण सुटका व्हावी म्हणून ‘होय’ म्हणतात. ८४ च्या चौकटीत ते बहुधा बसत नाहीत, कारण आपण काय केले हे त्यांना पुष्कळदा कळत असते. वकिलाला अशा वेळी जबाब कसा घेतला, सोबत कोण होते, प्रश्न समजला होता का, हेच विचारत बसावे लागते. आपल्या वर्गात, आपल्या गल्लीत अशी मुले आहेत, आणि आपण त्यांना ‘खुळं’ म्हणून मोकळे होतो. आणखी एक अनुभव सांगते. हा लेख लिहिताना मी वर्गातल्या काही मैत्रिणींना सहज विचारले की, तुमच्या घरी कोणाला मानसिक उपचार चालू आहेत का. सर्वजणी ‘नाही’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांपैकी एकीने ग्रंथालयाच्या जिन्यात मला थांबवून विचारले की, जुने केसपेपर किती वर्षे जपून ठेवायचे असतात.

गंजीची भरपाई वडिलांनी दोन हप्त्यांत दिली. न्यायालयाने सांगितले नव्हते. फिर्यादी आता आमच्याकडे येतात, पण काका असले तर थोडे अंतर राखून बसतात.

यंदाचे कॅलेंडर काकींनी माजघरातून काढून बाहेर सोप्यात लावले आहे. दूध काळ्या शाईने आणि ‘इं’ लाल शाईने. गेल्या महिन्यात मला बघायला जतकडचे पाहुणे आले होते. चहा पिता पिता मुलाच्या मामांनी कॅलेंडरकडे पाहून सहज विचारले, “हे लाल ‘इं’ कशाचं?” आज्जीने पदर तोंडाला लावला. काकींनी सांगितले, कशाचे ते. काका तेथेच बसले होते. पाहुण्यांनी चहा संपविला, आठ दिवसांत कळवितो म्हणाले. अजून कळविलेले नाही.